मास्तरांनी आकाशात वसवलेलं गाव

'इंटरस्टेलर'चा शेवट आठवतोय? हीरो डोळे उघडतो तेव्हा तो शनीजवळच्या एका प्रचंड नळकांड्यात असतो. आत शेतं, घरं, बेसबॉलचं मैदान. एक पोरगा बॉल टोलवतो, बॉल वर वर जातो आणि डोक्यावरच्या, उलट्या लटकलेल्या घराची काच फोडतो. थिएटरमध्ये आपण सगळे 'काय भारी डोकं चालवलंय' असं म्हणत बाहेर पडलो होतो. हे डोकं चालवायला सुरुवात केली ती मात्र हॉलिवूडच्या किती तरी आधी, रशियातल्या एका छोट्या गावातल्या गणिताच्या मास्तरांनी. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, कॉलेजची पायरी ते कधी चढले नव्हते आणि विमान उडायच्या आधीच ते अंतराळात भाजीपाला कसा पिकवायचा याचा विचार करत होते.

नाव कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की. उच्चारताना जीभ अडखळेल, हरकत नाही. रॉकेट सायन्सचा कुठलाही कोर्स घ्या, पहिल्या काही लेक्चर्समध्ये हे नाव येतंच. त्यांचं सूत्र सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी कल्पनेत वसवलेलं जग आणि त्या जगातली एक मोठी अडचण मात्र फारशी कुणी सांगत नाही. आज ती गोष्ट ऐका.

शाळेने काढलं, लायब्ररीने घेतलं

जन्म 17 सप्टेंबर 1857, रियाझान प्रांतातल्या इझेव्हस्कोये गावात. वडील वनखात्यात. घरात भावंडं बरीच, पैसा बेताचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास कॉन्स्टँटिनला स्कार्लेट फीवर झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. वर्गात मास्तर काय बोलतात ते कळेना, पोरं चिडवायला लागली. त्यातच 1870 मध्ये आई गेली. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी वेगळी सोय त्या शाळेत नव्हती. मार्क पडेनात, शेवटी शाळेतून नाव कमी झालं. यानंतर हे कधी शाळेत शिकायला गेले नाहीत. जे शिकले ते एकट्याने, पुस्तकांतून.

वडिलांना पोराच्या डोक्यावर विश्वास होता. सोळाव्या वर्षी त्यांनी त्याला मॉस्कोला धाडलं. तिथे त्याला प्रवेश मिळाला तो कॉलेजात नाही, तर चेर्तकोव्ह लायब्ररीत. फुकट. सकाळी दार उघडलं की हा आत. फिजिक्स, कॅल्क्युलस, मेकॅनिक्स, सगळं पुस्तकातून, स्वतःच्या स्वतः. तिथे निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे एक विलक्षण ग्रंथपाल होते. स्वतः विचारवंत, राहणी अगदी फकिराची. त्यांनी या पोराला पुस्तकं पुरवली.

घरून महिन्याला दहा-पंधरा रुबल यायचे. पोरगा दर तीन दिवसांनी बेकरीत जाऊन नऊ कोपेकचा काळा पाव आणायचा. म्हणजे महिन्याचं जेवण नव्वद कोपेकमध्ये, एक रुबलसुद्धा नाही. उरलेले पैसे पुस्तकं, पारा आणि ॲसिड यांवर. ॲसिडने पँटला भोकं पडली होती आणि रस्त्यावरची मुलं त्यावरून हसायची. हॉस्टेलच्या मेसला नावं ठेवताना हा मेनू डोळ्यांपुढे आणून बघा!

तीन वर्षांनी पोराची हाडं दिसायला लागली हे कळल्यावर वडिलांनी परत बोलावून घेतलं. पुढे बाहेरून परीक्षा देऊन तो शिक्षक झाला. 1880 पासून बोरोव्स्क गावात, 1892 पासून कालुगा शहरात. अंकगणित, भूमिती, पुढे मुलींच्या शाळेत फिजिक्स. शिकवायला मास्तर चांगले, विद्यार्थ्यांचे लाडके. ऐकण्यासाठी त्यांनी पत्र्याचे मोठाले कर्णे स्वतः बनवले होते. कालुग्याच्या संग्रहालयात ते आजही आहेत.

रात्रीचं दुसरं काम

दिवसा शाळा, रात्री आकाश. बोरोव्स्कला असताना त्यांनी वायूंच्या गतीचा एक सिद्धांत मांडला आणि पीटर्सबर्गच्या शास्त्रज्ञांकडे पाठवला. उत्तर आलं की हे सगळं आधीच शोधलं गेलंय. विचार करा, गावात जर्नल येत नाही, बोलायला कुणी नाही, तुम्ही महिनोन् महिने खपून काहीतरी शोधता आणि ते आधीच पुस्तकात असतं. पण त्या शास्त्रज्ञांच्या हेही लक्षात आलं की एकट्याच्या बळावर हा माणूस इथवर पोचलाय. त्यांनी त्याला आपल्यात घ्यायची तयारी दाखवली.

1883 मध्ये त्यांनी वजन नसलेल्या जागेवर एक टिपण लिहिलं. त्यात यानाचं एक चित्र आहे, आत माणसं चारी दिशांना तरंगताहेत. 1897 मध्ये त्यांनी हवेचा झोत सोडणारा बोगदा बांधला, म्हणजे आजच्या भाषेत विंड टनेल, आणि त्याच वर्षी ते प्रसिद्ध सूत्रही मांडलं.

सूत्र सोपं करून सांगायचं तर असं. रॉकेट मागे गॅस फेकतं आणि पुढे जातं. गॅसच्या वेगाच्या दुप्पट वेग हवा असेल, तर भरलेलं रॉकेट रिकाम्या रॉकेटच्या साधारण साडेसात पट जड असायला हवं. तिप्पट वेग हवा असेल तर वीस पट. वेग जरासा वाढवायचा तर इंधन धो-धो वाढतं. म्हणूनच लाँचपॅडवरच्या रॉकेटमध्ये बघावं तिकडे टाक्याच दिसतात. 1903 मध्ये त्यांचा लेख एका रशियन मासिकात आला. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळा, असंही त्यात सुचवलं होतं. आपलं चांद्रयान-3 घेऊन गेलेल्या रॉकेटचा वरचा टप्पा याच जोडीवर चालतो. तेव्हा मात्र तो लेख फारसा कुणी वाचलाच नाही.

घरात काय चाललं होतं? 1902 मध्ये मॉस्कोत शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने, इग्नातीने, आयुष्य संपवलं. 1908 मध्ये ओका नदीला पूर आला आणि घरातले कागदपत्र, मॉडेल्स पाण्यात गेले. 1911 मध्ये मुलगी ल्युबोव्ह क्रांतिकारकांना मदत केल्यावरून पकडली गेली. पत्नी वर्वारा हे सगळं सांभाळत होती. मास्तर लिहीत राहिले.

हिमालयातून उड्डाण

मास्तरांच्या कल्पनाशक्तीची खरी धाव दिसते त्यांच्या गोष्टींत. 'पृथ्वीपलीकडे' अशा अर्थाचं नाव असलेली त्यांची विज्ञान कादंबरी 1920 मध्ये कालुग्यात पुस्तकरूपाने आली. काळ धरलाय 2017 सालचा. म्हणजे त्यांच्यासाठी शंभर वर्षं पुढचा आणि आपल्यासाठी कधीच मागे पडलेला. आणि जागा? हिमालय! हिमालयातल्या एका राजवाड्यात जगातले शास्त्रज्ञ एकत्र राहताहेत. नावं बघा: न्यूटन, गॅलिलिओ, लाप्लास, हेल्महोल्ट्झ, फ्रँकलिन आणि इव्हानोव्ह नावाचा एक रशियन. ते रॉकेट बांधतात, उडतात आणि वर गेल्यावर लगेच कामाला लागतात. कसलं काम? शेती.

काचेचं लांबलचक हरितगृह. सूर्य कधी मावळत नाही, ढग नाहीत, अवकाळी नाही. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना, झाडांनी सोडलेला ऑक्सिजन माणसांना. मलमूत्र खत म्हणून परत मातीत. बाहेरून काही आणायचं नाही, आतलं काही वाया घालवायचं नाही. वजन हवं असेल तर घर स्वतःभोवती फिरवायचं. पाण्याची बादली हातात धरून गरगर फिरवली की पाणी सांडत नाही ना, तेच तत्त्व. मग लाखो माणसं वर राहायला जातात.

हे सगळं कशासाठी? मास्तरांचा हिशेब सरळ होता. सूर्य जेवढी ऊर्जा फेकतो, त्यातला साधारण दोन अब्जावा भाग पृथ्वीच्या वाट्याला येतो. बाकी सगळी वाया. मग माणसानेच पसरायचं. 1895 च्या एका पुस्तकात त्यांनी लघुग्रहांवरच्या जिवांची कल्पना केली. ते जीव आपले दगडी ग्रह फोडून त्यातून नवी जगं रचतात. 1926 मध्ये त्यांनी पायऱ्यापायऱ्यांची योजनाच मांडली: आधी रॉकेट, मग हरितगृहं, मग सूर्याभोवती वस्त्या, आणि शेवटी आपला सूर्य विझायला लागला की दुसऱ्या ताऱ्याकडे. एवढ्या लांबचं वेळापत्रक एका शाळामास्तराने आखलं होतं.

'इंटरस्टेलर'मधलं नळकांडं थेट त्यांचं नाही. ते आहे जेरार्ड ओ'नील या अमेरिकन प्राध्यापकांचं. 1970 च्या दशकात त्यांनी अशा वस्त्यांचं गणित तपशिलात मांडलं. पण फिरतं घर, आतलं शेत, भरपूर ऊन, हे सगळे तुकडे मास्तरांकडे आधीच होते.

पण गावात घर कुणाला?

आता ती अडचण. या सुंदर जगात कुणी राहायचं याचंही मास्तरांकडे उत्तर होतं, आणि ते वाचताना आपण चमकतो.

त्यांचा विश्वास होता की प्रत्येक अणूला थोडीफार संवेदना असते. आज तुमच्यात असलेला अणू उद्या दुसऱ्या कुठल्या तरी जिवात जाणार. मग विश्वात कुठेही दुःखी जीव उरला तर ते दुःख फिरून आपल्याच वाट्याला येणार. उपाय काय? दुःख भोगणारे, अपूर्ण जीव जन्मालाच येऊ द्यायचे नाहीत. कुणाला न दुखवता, शांतपणे, पण थांबवायचं. 1916 च्या एका पुस्तिकेत त्यांनी सुचवलं की समाजाने आपल्यातली उत्तम माणसं निवडावीत, त्यांची लग्नं आपसात व्हावीत, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या माणूस सुधारत जाईल.

हेतू दुःख संपवण्याचा होता, हे खरं. त्या काळात जगभरात अनेक शिकलेली माणसं असंच बोलत होती, हेही खरं. पण अशा विचारांचं पुढे जर्मनीत काय झालं ते आपण इतिहासात शिकलोय. म्हणून 'काळच तसा होता' म्हणून पान उलटता येत नाही.

आणि एक प्रश्न मास्तरांनाच विचारावासा वाटतो. उत्तम माणसं निवडणारी समिती 1870 च्या दशकात त्यांच्या शाळेत आली असती तर? मार्क नाहीत, ऐकू येत नाही, घरची गरिबी. त्यांचं नाव यादीत लागलं असतं? बहिरेपण आजाराने आलेलं होतं, वंशातून नाही, असा बचाव कुणी करेल. पण यादी करणारे एवढं खोलात कधी जातात? एक समिती खरंच बसली होती की! शाळेने निकाल लावून त्यांना बाहेर काढलंच होतं. ते वाचले कारण एका लायब्ररीचं दार मार्कलिस्ट न बघता उघडं होतं.

बहिऱ्या माणसांची परीक्षा

मास्तरांना मान मिळाला तो शेवटी शेवटी. 1921 मध्ये सोव्हिएत सरकारने पेन्शन दिलं. अंतराळप्रवासावरच्या एका सिनेमासाठी त्यांनी म्हातारपणी यानांची चित्रं काढून दिली. तो पडद्यावर यायच्या आधीच, 19 सप्टेंबर 1935 ला, ते कालुग्यात गेले. त्यांची जन्मशताब्दी 1957 ची. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत स्पुटनिक आकाशात होता. कालुग्यातल्या अंतराळ संग्रहालयाची पायाभरणी 1961 मध्ये केली खुद्द युरी गागारिनने.

त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळाच प्रयोग चालू होता. माणूस अंतराळात गेला की गरगरतं, उलट्या होतात. हे का होतं ते शोधायला नासा आणि अमेरिकन नौदलाने वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजमधून अकरा बहिरे पुरुष निवडले. त्यातल्या बहुतेकांच्या कानाचा आतला भाग लहानपणीच्या आजाराने निकामी झाला होता. तोल सांभाळणारी यंत्रणा तिथेच असते. त्यामुळे त्यांना गरगरायचंच नाही. एका चाचणीत चौघे जण मिनिटाला दहा वेळा फिरणाऱ्या खोलीत सलग बारा दिवस राहिले. दुसऱ्या वेळी त्यांना खवळलेल्या समुद्रात जहाजावर नेलं. संशोधकच आजारी पडले, हे मात्र पत्ते खेळत बसले होते.

फिरत्या घरात राहायचं असेल तर कुणाचं शरीर जास्त तयार? मास्तरांनी आयुष्यभर ज्याला आपली उणीव मानलं, तशाच शरीराचं! 2022 मध्ये युरोपियन स्पेस एजन्सीने एक पाय कृत्रिम असलेल्या जॉन मॅकफॉल या सर्जनची निवड केली, तीही अशा माणसाला अंतराळात जाण्यात नेमकी काय अडचण येते हे तपासायला. मोजपट्टी हळूहळू बदलतेय.

अंतराळ स्थानकात वाढवलेलं लेट्यूस अंतराळवीरांनी 2015 मध्ये खाल्लं. म्हणजे मास्तरांचं शेत छोट्या प्रमाणात का होईना, सुरू झालंय. फिरतं घर अजून कुणी बांधलेलं नाही. ते बांधणारी पिढी कदाचित तुमची असेल किंवा तुमच्या नंतरची. फेस्टच्या कथास्पर्धेत किंवा डिझाइनच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही असं जग काढाल, तेव्हा इंजिन, शेत, पाणी यांचं गणित मास्तरांकडून जरूर घ्या. रहिवाशांची यादी मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. ती स्वतः करा, आणि केल्यावर एकदा बघा की त्यात शाळेतून काढलेला, पत्र्याचा कर्णा कानाला लावणारा एखादा मुलगा बसतो का. बसत नसेल, तर यादी पुन्हा करा.