इस्तंबूलमध्ये मातीचा स्वभाव ओळखणारे तेर्झागी

इस्तंबूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशिदींचे घुमट येतात. पण पायाखालच्या मातीचं आधुनिक शास्त्रही याच शहरात आकाराला आलं, हे वर्गात सांगितलं की आमच्या मुलांना नवल वाटतं.

कार्ल तेर्झागी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ रोजी प्रागमध्ये झाला. शिक्षण ग्राझमध्ये, तेही मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. १९१६ मध्ये ते उस्मानी राजवटीतल्या इस्तंबूलच्या इंजिनिअरिंग शाळेत शिकवायला आले. महायुद्धात हार झाली आणि ही नोकरी गेली. मग त्याच शहरातल्या रॉबर्ट कॉलेजात ते शिकवू लागले. पैसा नाही, यंत्रं नाहीत. साध्यासुध्या साहित्यावर त्यांनी चिकणमाती दाबून पाहिली.

त्यांना काय दिसलं? ओल्या चिकणमातीवर वजन टाकलं की आधी आतलं पाणी भार झेलतं. पाणी हळूहळू बाहेर पडतं, भार मातीच्या कणांवर येतो आणि जमीन खचते. पाण्याला बाहेर पडायचं अंतर निम्मं केलं तर वेळ एक चतुर्थांश लागतो. मऊ जमिनीत उभे निचरे बसवून, वर भराव टाकून ती आधीच दाबून घेतात, त्याचा हिशोब यावरच चालतो. हा सिद्धांत १९२३ मध्ये आला आणि १९२५ मध्ये त्यांचं गाजलेलं पुस्तक.

पण आपल्याच सूत्रावर त्यांनी आंधळा भरवसा ठेवला नाही. जमीन सगळीकडे सारखी नसते. चिकणमातीत वाळूचा एखादा पातळ थर निघाला, तरी वेळेचा सगळा हिशोब बदलतो. म्हणून ते आराखडा करतानाच पर्याय ठरवून ठेवत, काम चालू असताना मोजमाप घेत आणि गरज पडली की आराखडा बदलत. कॅनडातलं मिशन धरण दबणाऱ्या चिकणमातीवर असंच उभं राहिलं. १९६५ मध्ये त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. ते पाहायला तेर्झागी नव्हते. १९६३ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

आपल्याकडे लोकांच्या चंद्यातून शाळा, मशिदी, वसतिगृहं उभी राहतात. कोपऱ्यात एक खड्डा खणला की झाली तपासणी, असं आम्ही पाहिलंय. पुढच्या बैठकीत फरशीच्या रंगाआधी एवढं जरूर विचारा : माती किती ठिकाणी तपासली?