मुळगावकरांच्या लक्ष्मीचे गाल

मराठी घरांच्या भिंतीवर ज्या चित्रकारांनी वर्षानुवर्षं मुक्काम केला, त्यांत रघुवीर मुळगावकरांचं नाव फार वर आहे. दिवाळीच्या सुमारास वाण्याकडून कॅलेंडर यायचं. वर्ष सरलं की खालचा तारखांचा गठ्ठा फाडला जायचा आणि वरचं चित्र काच लावून देवघराशेजारी जायचं. कोपऱ्यात सही असे, पण ती वाचायची गरज कुणाला पडत नसे. लक्ष्मीचे गाल बघितले की चित्र कुणाचं ते कळायचं.

आमच्या मांजरसुंब्यालाही ही चित्रं भरपूर. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोद्याकडचा आणि केज-अंबाजोगाईकडचा रस्ता मिळतो. ट्रक थांबतात, चहा होतो, टायर ठोकून बघितले जातात. ट्रकच्या पाठीवर देव रंगवून घेणारं गिऱ्हाईकही याच फाट्यावर सापडायचं. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकातल्या यात्रेत तसबिरींवर लोकांची झुंबड असते. तेव्हा मुळगावकर या भागात नवखे नाहीत. नवखं आहे ते त्यांचं चरित्र, आणि ते गाल त्यांनी कशाने रंगवले ही गोष्ट.

रघुवीर शंकर मुळगावकर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१८ चा, गोव्यातल्या बार्देशमधल्या अस्नोडा गावचा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि चित्रकलेवर पोट भरायचं तर मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुंबईत ते एस. एम. पंडितांच्या हाताखाली आले. पंडित मूळचे गुलबर्ग्याचे, वयाने दोनच वर्षांनी मोठे, पण सिनेमाच्या जाहिरातींत त्यांचं नाव झालेलं होतं. बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाची रंगीत मुखपृष्ठं पंडित आणि मुळगावकर या जोडीच्या हातची. पडद्यावरच्या नटीला जो चकाकता, कुठे रेघ न दिसणारा रंग लागतो, तो मुळगावकर या उमेदवारीत शिकले. पुढे तोच रंग त्यांनी सरस्वतीला आणि पार्वतीला चढवला. काही जाणकारांना हे रुचलं नाही. देवी नटीसारखी दिसते, अशी तक्रार होती. माझं मत विचाराल तर त्यांच्या देव्या नटीपेक्षा शेजारच्या वाड्यातल्या, नुकत्याच न्हाऊन आलेल्या लेकीसुनांसारख्याच जास्त दिसतात, आणि लोकांनी त्यांना घरात घेतलं ते त्यामुळेच.

त्याच काळात दुसरे गोमंतकीय दीनानाथ दलाल 'दीपावली' काढत होते. दलालांची मदार रेषेवर. मुळगावकरांनी रेषेला चित्रात अगदी विरघळवून टाकलं. त्यांनीही स्वतःचा स्टुडिओ थाटला, 'रत्नप्रभा' हे नियतकालिक चालवलं आणि मुखपृष्ठांचा तर सपाटा लावला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवरचे ते पिस्तूलधारी पुरुष आणि घाबरलेल्या तरुणी त्यांच्याच. देव्हाऱ्यातली लक्ष्मी आणि उशीखाली लपवलेला अर्नाळकर, दोन्ही एकाच हातचे!

आता त्या गालांबद्दल. मुळगावकरांच्या हातात ब्रश तर होताच, पण त्याच्या जोडीला फवाऱ्याचं पेन होतं. त्याला एअरब्रश म्हणतात. आपल्याकडचे पेंटर नुसतं स्प्रे म्हणून मोकळे होतात. जाड पेनाएवढं हे हत्यार. वर रंगाची छोटी वाटी, मागून हवेची नळी, आत एक लांब सुई आणि टोकाला बारीक भोकाचं नोझल. बोटाने चाप दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकते आणि रंगाचे तुषार उडतात. अमेरिकेत १८७० च्या दशकात ॲबनर पीलर यांनी याचं पहिलं ओबडधोबड रूप केलं, आणि १८९० च्या दशकात चार्ल्स बर्डिक यांनी आजच्या घाटाचं पेन आणलं. सुरुवातीला त्याचं मोठं काम होतं फोटो सुधारण्याचं. सुरकुत्या पुसायच्या, गाल उजळायचे.

मुळगावकरांना ते इतकं मानवलं याला छपाईचंही कारण होतं. रंगीत चित्र छापताना त्याचे बारीक ठिपके पाडावे लागतात. ब्रशाचा खडबडीत फटकारा त्या ठिपक्यांत मळल्यासारखा दिसे. तुषारांनी चढवलेली छटा मात्र आधीच कणाकणाची, त्यामुळे ती छापून येताना बिघडत नसे.

पण त्यांचं एखादं चित्र भिंतीवरून उतरवून उजेडात धरा. गाल, कपाळ, मागचं आभाळ, देवाभोवतीचं तेजोवलय तुषारांचं आहे. पापण्यांचे केस, नथीतले मोती, शालूच्या काठाची जर या ठिकाणी मात्र कडा धारदार आहे. तिथे बारीक ब्रश फिरलाय. मऊपणा फवाऱ्याचा आणि बारकावा ब्रशाचा, अशी ही वाटणी.

ही वाटणी मला बँकेच्या टेबलावर उपयोगी पडली. नव्वदीच्या दशकात मी या भागात अधिकारी होतो. फाट्यावरचा एक पेंटर कर्ज मागायला आला. नंबरप्लेटा, पाट्या आणि ट्रकवरचे देव, यावर त्याचं घर चालायचं. सोबत कॉम्प्रेसरचं कोटेशन होतं, आणि एका परदेशी पेनाचंही. भोक ०.२ मिलिमीटरचं, विक्रेत्याची हमी अशी की या पेनाने केसाएवढी रेघ निघते आणि हात बसलेला नसला तरी निघते. पेनाची किंमत कॉम्प्रेसरला भिडलेली. काय रंगवणार हे दाखवायला त्याने पिशवीतून मुळगावकरांची लक्ष्मी काढून माझ्यासमोर ठेवली.

कोटेशन वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पंपाचं पाणी, ट्रॅक्टरचं मायलेज, पिठाच्या गिरणीचे तासाचे किलो, सगळं कागदावर नेहमी जास्तच असतं. मी त्याला एवढंच विचारलं, की या चित्रातली केसाएवढी रेघ फवाऱ्याची कोणती, ती दाखव. तो बराच वेळ बघत बसला. शेवटी पापणीवर बोट ठेवून त्यानेच सांगितलं की ही ब्रशाची आहे. कर्ज कॉम्प्रेसरला आणि ०.३ च्या साध्या पेनाला मंजूर झालं. हप्ते वेळेवर आले. बिनव्याजाची बातमी अशी, की मधल्या भोकाच्या त्या पेनाने त्याने रंगवलेले शंकर सोलापूरपर्यंत फिरून आले.

या भोकाच्या आकड्याचा घोटाळा समजून घेण्यासारखा आहे, कारण आज नातवंडांच्या मोबाइलवर याच पेनांच्या जाहिराती येतात. ०.२ किंवा ०.३ हा आकडा नुसत्या भोकाचा. रंग भोकभर बाहेर येतच नाही. मधे सुई उभी असते. सुई आणि भोकाची कड यांच्यातल्या फटीतून रंग येतो, आणि ती फट किती ठेवायची ते बोट ठरवतं. म्हणून ०.३ च्या पेनानेही, कागदाजवळ धरून आणि सुई अगदी किंचित ओढून, खूप बारीक रेघ काढता येते. तिथे हवेचा दाब कमी लागतो. दाब किंवा रंग जास्त झाला की कागदावरच्या थेंबाला कोळ्यासारखे पाय फुटतात. रंग दुधाएवढा पातळ लागतो. जाड राहिला तर लहान भोक आधी तुंबतं, आणि अपारदर्शक पांढरा तर फारच. जाहिरातीतली रेघ बहुधा पातळ शाईची, गुळगुळीत कार्डावरची आणि वीस वर्षं मुरलेल्या हाताची असते. हाताचा उल्लेख मात्र जाहिरातीत नसतो.

स्वस्तातल्या संचाबरोबर येणारा मुठीएवढा कॉम्प्रेसर हा आणखी एक प्रकार. त्याला हवा साठवायची टाकी नसते, त्यामुळे हवा सलग न येता धापा टाकत येते. अशा हवेवर ०.२ चं भोक काय करील? गाल रंगवायला सलग, संथ हवा लागते. भोक त्यानंतरची गोष्ट. घरातल्या मुलाला हौस असेल तर पैसे टाकीच्या कॉम्प्रेसरला घाला, पेन मधल्या भोकाचं घ्या, आणि दोन नंबरच्या ब्रशासाठी थोडे बाजूला ठेवा.

मुळगावकरांच्या काळी तर निवडीला फारसा वावच नव्हता. १९५७ च्या सुमारास देशात परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधनं आली. बारीक नोझलचं टोक चिरलं तर नवं मिळवणं म्हणजे दिव्यच. मराठी जाहिरात-चित्रकारांची एक अख्खी पिढी हाती असलेलं पेन रोज धुऊनपुसून चालवत राहिली. आधी पेन्सिलीने नेटकं रेखाटन, मग कागद कापून झाकण्या करायच्या, ज्या भागावर रंग नको तो झाकायचा आणि एकेक छटा चढवायची. मुळगावकरांच्या चेहऱ्यांत जो गोडवा आहे, तो या पहिल्या पेन्सिलीच्या पायरीवरच ठरून गेलेला असे. नाकाचा उंचवटा चुकला तर कुठलाही तुषार तो सावरत नाही.

३० मार्च १९७६ रोजी मुळगावकर गेले. वय सत्तावन्न. त्यांची कॅलेंडरं त्यानंतरही छापली जात राहिली, आणि त्यांची नक्कल करणाऱ्यांची कमतरता कधी पडली नाही. नक्कल ओळखायला सोपी असते: सगळीकडे मऊपणा, पापण्यासुद्धा धुरकट.

फाट्यावर आता फ्लेक्सची दुकानं आहेत. ट्रकवरचे देव चिकटवायच्या कागदावर छापून मिळतात. तो पेंटर साठी ओलांडून गेला, ट्रकचं काम त्याने सोडलं. आषाढ लागला की गणपतीच्या मूर्ती येतात, तेव्हा तो तेच ०.३ चं पेन काढतो. सोंडेला आणि गालांना गुलाबी छटा देतो, पेन धुऊन ठेवतो, आणि डोळे उघडायला ब्रश घेतो.