दीर्घिकांचा शोधक : एडविन हबल

विद्यार्थी मित्रांनो, पावसाळा संपल्यावर एखाद्या अंधाऱ्या रात्री गावाबाहेर जाऊन तुम्ही आकाश पाहिले आहे का? तेथे एक अंधुक, पांढरा पट्टा दिसतो. त्याला मराठीत आकाशगंगा आणि उर्दूत कहकशां म्हणतात. आपला सूर्य हा या आकाशगंगेतील अब्जावधी ताऱ्यांपैकी एक आहे. ताऱ्यांच्या अशा प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरही अशा दीर्घिका आहेत, हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांची ओळख आपण करून घेऊ या.

एडविन हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मार्शफील्ड या गावी झाला. अभ्यासाइतकेच ते खेळातही हुशार होते. शिकागो विद्यापीठाची पदवी घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील ऑक्सफर्डला गेले. त्यांना खगोलशास्त्राची आवड होती. पण मुलाने कायदा शिकावा अशी वडिलांची इच्छा होती. हबल यांनी ती मोडली नाही. १९१३ मध्ये वडील वारले. मायदेशी परतल्यावर हबल एका शाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि स्पॅनिश भाषा शिकवली. विद्यार्थ्यांचे ते आवडते शिक्षक होते. तरी त्यांचे मन ताऱ्यांकडेच ओढ घेत होते. अखेर वर्षभराने नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले! पुढे १९१९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत दाखल झाले. तेथील दुर्बिणीचा आरसा १०० इंच व्यासाचा होता. त्या काळी ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

त्या वेळी शास्त्रज्ञांमध्ये एक मोठा वाद चालू होता. देवयानी तारकासमूहात ढगासारखा एक अंधुक ठिपका दिसतो. इराणमधील खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी दहाव्या शतकातच आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली होती. हा ठिपका आपल्या आकाशगंगेतच आहे की तिच्या फार पलीकडे? कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते.

ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांनी या ठिपक्याचे छायाचित्र घेतले. त्यात त्यांना एक नवा तारा दिसला. तो अचानक उजळलेला तारा असावा, असे समजून त्यांनी काचेवर तशी खूण केली. मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी जुनी छायाचित्रे काढून ताडून पाहिली. तो तारा ठरावीक काळाने मंद आणि पुन्हा तेजस्वी होत होता! हबल यांनी आधीची खूण खोडली आणि तेथे नवी नोंद केली.

ही नोंद इतकी महत्त्वाची का ठरली? अशा ताऱ्यांबाबत हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने एक नियम शोधला होता. ताऱ्याचे तेज कमीजास्त व्हायला जितका जास्त काळ लागतो, तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. आता विचार करा. दूरचा दिवा १०० वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येईल ना? हबल यांनी हेच केले. अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे निघाले. म्हणजे देवयानी ही एक स्वतंत्र दीर्घिका होती!

हबल यांनी दीर्घिकांचे त्यांच्या आकारांवरून गट पाडले. १९२९ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. या कामात मिल्टन ह्यूमसन यांची त्यांना मोलाची साथ मिळाली. ह्यूमसन यांनी लहानपणीच शाळा सोडली होती. वेधशाळेच्या डोंगरावर खेचरांवरून सामान नेण्याचे काम त्यांनी केले होते. चिकाटीने शिकून ते उत्तम निरीक्षक झाले.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी हबल यांचे निधन झाले. त्यांनी काढलेले अंतर पुढे चुकीचे ठरले. देवयानी सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे, हे आज आपल्याला माहीत आहे. गोल दीर्घिका हळूहळू चपटी होऊन चक्राकार बनते, असा त्या काळी अनेकांचा समज होता. तोही टिकला नाही. गुरुत्वाकर्षणामुळे वायू एकत्र येतो, फिरतो, चपटा होतो आणि त्यात तारे जन्मतात. अशा दोन चक्राकार दीर्घिका एकमेकींत मिसळल्या, तर त्यांची एक गोलसर दीर्घिका बनू शकते. १९९० मध्ये अवकाशात सोडलेल्या दुर्बिणीला हबल यांचेच नाव दिले आहे. तिने अब्जावधी वर्षांपूर्वीच्या, बाल्यावस्थेतील दीर्घिकांची छायाचित्रे पाठवली.

मित्रांनो, चुका दुरुस्त झाल्या म्हणून हबल यांचा मान कमी झाला का? मुळीच नाही. काचेवरची आपलीच खूण त्यांनी खोडली, तेव्हाच विश्वाचा दरवाजा उघडला. तुमच्या वहीत एखादे उत्तर चुकले, तर लाजू नका. ते पुन्हा तपासा, खोडा आणि बरोबर लिहा.