संत इग्नेशियस यांचे आत्मपरीक्षण



उपवासकाळात पापनिवेदनासाठी रांगा लागतात. त्या रांगांत दोन प्रकारची माणसे असतात, हे आपण सगळेच जाणतो. काहींना स्वतःचे एकही पाप आठवत नाही, शेजाऱ्याची मात्र सगळी तोंडपाठ असतात. काहींना वीस वर्षांपूर्वी क्षमा झालेले पापही दरवेळी पुन्हा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. या दोघांनीही संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र वाचावे, कारण ते स्वतः या दोन्ही अवस्थांतून गेले होते.

त्यांचा जन्म १४९१ साली उत्तर स्पेनमधल्या लोयोला गावी, एका सरदार घराण्यात झाला. मूळ नाव इनिगो. भावंडांत धाकटा. दरबारी रीतीरिवाजांत वाढलेल्या या तरुणाला तलवार, मानपान आणि छानछोकी यांचेच वेड होते. १५१५ साली कार्निव्हलच्या दिवसांत केलेल्या मारामारीबद्दल त्याच्यावर खटलाही झाला होता. नावाला तो ख्रिस्ती होताच. आपल्यापैकी बरेच जण असतात तसा.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्याचा उजवा पाय मोडला, दुसराही जखमी झाला. शत्रूच्याच सैनिकांनी उपचार करून त्याला घरी पोहोचवले. हाड नीट बसले नव्हते म्हणून पाय पुन्हा मोडून जोडण्यात आला. तरीही गुडघ्याखाली एक हाड पुढे आले. त्यावर घट्ट बूट शोभून दिसणार नाहीत, म्हणून त्याने ते करवतीने कापवून घेतले, आणि तेही भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात! माणूस देखणेपणासाठी किती सोसतो पाहा.

अंथरुणाला खिळलेल्या इनिगोने वीरकथांची पुस्तके मागितली. घरात ती नव्हती. प्रभू येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या. नाइलाजाने तो त्याच वाचू लागला. पुस्तक मिटले की कधी तो एका थोर स्त्रीची मर्जी मिळवण्याची स्वप्ने पाही, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही विचार गोडच वाटत. पण पहिले सरले की मन कोरडे पडे, आणि दुसरे सरले तरी आनंद मागे उरे. हा फरक एके दिवशी त्याच्या ध्यानात आला. त्याचे आत्मपरीक्षण इथून सुरू झाले. आपण काय केले याच्याही आधी, आपले मन कशामागे धावते आणि धावून झाल्यावर त्याला काय मिळते, हे त्याने पाहिले.

मार्च १५२२ मध्ये तो मोन्सेरात येथील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी गेला. आयुष्यभराची पापे लिहून काढून त्याने तीन दिवस पापनिवेदन केले. २४ मार्चच्या रात्री तलवार आणि खंजीर मरियेच्या वेदीजवळ ठेवून पहाटेपर्यंत जागरण केले. अंगावरची किमती वस्त्रे त्याने एका भिकाऱ्याला दिली.

बहुतेक प्रवचने इथे थांबतात. आम्हाला मात्र त्यापुढचे महिने अधिक मोलाचे वाटतात.

जवळच्या मान्रेसा गावी तो थोडे दिवस राहणार होता, पण जवळजवळ अकरा महिने राहिला. तिथे शंकांनी त्याला घेरले. अमुक पाप सांगायचे राहिले काय? तमुक नीट सांगितले काय? तो पुन्हा पुन्हा पापनिवेदन करी, पण शांती मिळेना. पाप शोधता शोधता तो स्वतःलाच पोखरू लागला. जीव देण्याचा मोह होण्यापर्यंत मजल गेली. देव सोडवील या आशेने त्याने आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले. अखेर धर्मगुरूने आज्ञा करून उपास सोडायला लावला. मग लोयोलाच्या घरी शिकलेला धडा त्याला उपयोगी पडला. हे विचार आपल्याला कुठे नेतात, हे त्याने पाहिले. ते निराशेकडे नेत होते. म्हणजे पश्चात्तापाचा वेष घेतला असला, तरी ते देवाकडून आलेले नव्हते. त्याने निर्धार केला, की क्षमा झालेली पापे पुन्हा उकरायची नाहीत. त्या दिवसापासून तो मोकळा झाला.

मान्रेसातल्या या अनुभवांतूनच त्यांची ‘आध्यात्मिक साधना’ आकाराला आली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली तिला मान्यता दिली. तिच्यातल्या रोजच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी पाप नव्हे. आधी मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार मानायचे, मग पाप ओळखण्यासाठी प्रकाश मागायचा, आणि त्यानंतर दिवस तासातासाने पाहायचा. शेवटी क्षमा आणि उद्यासाठी निश्चय. आम्ही सेमिनरीत हा क्रम शिकलो, तेव्हा तो साधा वाटला होता. त्यामागे मान्रेसा आहे हे कळल्यावर तो तसा वाटत नाही.

तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोनात लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले. १५२८ साली ते पॅरिसला गेले. तिथे एकाच खोलीत पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे सोबती होते. १५४२ साली गोव्यात उतरले ते हेच संत झेवियर. फेबर स्वभावाने सौम्य, पण शंकांनी पार पोळलेले. त्यांचे दुखणे इग्नेशियस यांनी लगेच ओळखले. ते आपल्याच अंगावरून गेले होते. एकदा संपूर्ण पापनिवेदन करावे, मग दर आठवड्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीराचे सेवन, आणि रोज आत्मपरीक्षण, एवढेच त्यांनी सांगितले. संपूर्ण साधना देण्यासाठी ते सुमारे चार वर्षे थांबले. १५३४ साली ती साधना करून फेबर त्या मंडळीतले पहिले धर्मगुरू झाले. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले.

१५४० मध्ये येशूसंघाला मान्यता मिळाली. ३१ जुलै १५५६ रोजी इग्नेशियस रोममध्ये निवर्तले. त्याआधी, १५५३ ते १५५५ या काळात, सोबत्यांच्या आग्रहावरून त्यांनी आपली जीवनकथा फादर लुईस गोन्साल्व्हिस द कामारा यांना सांगितली. तारुण्यातली वाट चुकलेली वर्षे त्यांनी आडपडदा न ठेवता, स्पष्ट सांगितली, अशी नोंद फादरांनी केली आहे. कागदावर मात्र ती सारी वर्षे एकाच वाक्यात आटोपतात, आणि लगेच पाम्प्लोनाचा किल्ला येतो.