घरी बिअर बनवायचा विचार करताय? मग मोरारजी देसाईंची ही गोष्ट आधी वाचा

घरी बिअर बनवण्याचे व्हिडिओ बघितले की काम अगदी सोपं वाटतं. मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवायचं. गाळून निघालेलं गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, थंड झालं की यीस्ट टाकायचं आणि एक-दोन आठवडे आंबू द्यायचं. झाली बिअर.

पण हाच प्रयोग अलिबाग किंवा मुरूडच्या घरात केला, तर तो विनापरवाना दारू बनवण्याचा गुन्हा ठरतो. कारण १९४९ चा दारूबंदी कायदा. आणि या कायद्यामागचं मोठं नाव म्हणजे मोरारजी देसाई.

मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, वलसाडजवळच्या भदेलीचा. वडील शिक्षक होते. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकून ते १९१८ मध्ये इंग्रज सरकारचे डेप्युटी कलेक्टर झाले. १९३० मध्ये मात्र ही नोकरी सोडून ते गांधीजींच्या चळवळीत उतरले. दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं करणं हा त्या चळवळीचा एक कार्यक्रमच होता.

तसे दारूवरचे निर्बंध रायगडला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, नवे नव्हते. १८७८ मध्ये अबकारी कायदा आला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाब्यात मोहाच्या फुलांवरही बंधनं आली. पण इंग्रजांना दारू थांबवायची नव्हती, फक्त तिचा महसूल बुडू द्यायचा नव्हता. मोरारजींचं गणित नेमकं उलटं होतं. महसूल बुडाला तरी चालेल, पण दारू नको.

१९३७ मध्ये ते बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा मोरारजींकडे गृह आणि महसूल ही खाती होती. १९४९ मध्ये कायदा झाला आणि १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५१ मध्ये कोर्टाने अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनांवरची काही बंधनं काढली, पण बाकीचा कायदा बहुतांश टिकला.

याचा फटका किनाऱ्यावर बसला. माडी काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. पहाटे झाडावरून उतरवलेली गोड नीरा काही तासांत आपोआप आंबते आणि तिची माडी होते. म्हणजे कायदेशीर पेय आणि गुन्हा यांच्यात अंतर फक्त काही तासांचं! दुसरीकडे पिणारे थांबले नाहीत, चोरट्या हातभट्ट्या सुरू झाल्या.

मोरारजी १९५२ मध्ये मुंबईचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावरील गोळीबारामुळे मराठी माणसाचा त्यांच्यावरचा राग कायम राहिला. १९७७ मध्ये ते पंतप्रधान झाले. १० एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

पुढे महाराष्ट्राने दारूबंदी सैल केली. पिण्यासाठी परमिट आलं, दुकानं आली, पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरीही आल्या. पण हे सगळं परवान्यावर चालतं, आणि कायदा मूळचा तोच आहे.

त्यामुळे बादली आणि यीस्ट विकत घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा: बिअर पिण्याचं परमिट खिशात असलं, तरी ती बनवण्याची परवानगी त्यात नसते.