ओठांवरचा विषाणू आणि गर्ट्रूड एलियन

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म १९१८ मध्ये न्यूयॉर्कला झाला. त्या १५ वर्षांच्या असताना आजोबा कर्करोगाने गेले आणि औषधे शोधायची हे त्यांनी मनाशी पक्के केले. १९३७ मध्ये रसायनशास्त्राची पदवी मिळाली, पण प्रयोगशाळांना मुलगी नको होती. एका खाद्यकंपनीत लोणच्याचा आंबटपणा तपासण्याचे कामही त्यांनी केले. १९४१ मध्ये त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गाने दगावला. या आजारावर गुणकारी ठरलेले पेनिसिलिन काही वर्षांतच सर्वत्र मिळू लागले. एलियन यांनी पुढे लग्न केले नाही.

१९४४ मध्ये त्या बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या मदतनीस झाल्या. नोकरीपायी पीएच.डी. अर्धवट राहिली. रक्ताच्या कर्करोगावरचे आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण शक्य करणारे औषध मात्र त्यांच्या कामातून आले.

विषाणू आपल्याच पेशीत राहतो. त्याला मारायला गेले तर पेशीही मरेल, अशी तेव्हा समजूत होती. सत्तरच्या दशकात कंपनीतील सहकाऱ्यांनी अ‍ॅसायक्लोव्हिर तयार केले. ते नेमके कसे काम करते, हे एलियन यांच्या गटाने उलगडले. हर्पिसच्या विषाणूचे स्वतःचे विकर या औषधाला जागे करते आणि मग औषध विषाणूचीच वाढ रोखते. निरोगी पेशींना फारशी झळ बसत नाही.

तरीही या औषधाला मर्यादा आहे. ओठाच्या कडेला पाणीदार पुटकुळ्या आणणारा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत झोपून राहतो. तिथून त्याला हुसकावणारे औषध अजून नाही. म्हणून जोडीदाराला जपणे आपल्याच हाती उरते. ओठाला चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत चुंबन आणि मुखमैथुन टाळावे. मुखमैथुनातून हा विषाणू जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो. कप, रुमाल, लिप बाम, वस्तरा वेगळा ठेवावा. पुटकुळीला हात लागला तर साबणाने धुवावा. तान्ह्या बाळाची पापी तर मुळीच घेऊ नये. नवजात बालकात हा संसर्ग जिवावर बेततो. वरचेवर त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने चुणचुण होताच गोळी सुरू केली, तर पुटकुळ्या लवकर बऱ्या होतात.

पुटकुळी नसतानाही विषाणू लाळेतून अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे पूर्ण हमी देता येत नाही. अनेकांना हा संसर्ग लहानपणीच घरातल्यांकडून झालेला असतो. म्हणूनच पुटकुळी दिसली की जोडीदारावर संशय घेणे चुकीचे आणि ती लपवणे धोक्याचे.

१९८८ मध्ये एलियन यांना हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल मिळाले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. अ‍ॅसायक्लोव्हिर आज नागीण आणि कांजिण्यांवरही दिले जाते.