उमेदवार धोंडो केशव

कसबा पेठेतल्या आमच्या तांबट आळीत सकाळ होते ती हातोड्यांच्या आवाजाने. वडील आणि काका तांब्याच्या भांड्यांचे मठारकाम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पण शिक्षकीच्या वाटेला लागण्याचा मान माझ्या आत्तेबहिणीचा. बारावीनंतर तिने अध्यापक विद्यालयाची दोन वर्षे पुरी केली, शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली आणि गेल्या जूनमध्ये एका खासगी शाळेत मुलाखतीला गेली. सोबत मी होतो. समितीतील एका गृहस्थांनी तिची कागदपत्रांची पिशवी उघडूही दिली नाही. तिच्याकडे एकदा नखशिखान्त पाहिले आणि ही तर आमच्या नववीच्या मुलींत मिसळून जाईल, वर्ग काय सांभाळणार, असे म्हणून बाकीच्यांना हसवले. दारातून ते मला ऐकू आले. परत येताना फडके हौदापर्यंत ताई एक शब्द बोलली नाही.

त्याच आठवड्यात ग्रंथालयातून मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ घरी आणले होते. आणले होते एका प्रकल्पासाठी, वाचले मात्र निराळ्याच कारणाने.

कर्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ उभे राहतात. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतले, १९५८ साली भारतरत्न झालेले, वयाच्या १०४ थ्या वर्षापर्यंत जगलेले. जणू ते जन्मले तेच महर्षी म्हणून! पण १८७५ साली ते सतरा वर्षांचे, किरकोळ अंगाचे, कोकणातल्या मुरूड गावचे एक उमेदवार होते. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा ही गरिबाच्या मुलाला नोकरीची किल्ली होती. ती उत्तीर्ण झाली की मराठी शाळेत मास्तरकी नाहीतर कचेरीत कारकुनी मिळण्याची आशा असे. परीक्षेला बसायला वयाची सतरा वर्षे पुरी लागत. १८ एप्रिल १८५८ चा जन्म, म्हणजे धोंडोपंतांची ती झाली होती.

परीक्षा साताऱ्याला होती. पावसाळी दिवस, समुद्राचा भरवसा नाही. म्हणून कर्वे आणि त्यांचे सोबती पायीच निघाले. मुरूड कुठे आणि सातारा कुठे! शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये कुंभार्लीचा घाट. पाठीवर वळकटी, अंगावर पाऊस. मी शाळेच्या सहलीत एकदा सिंहगड चढलो, तर दोन दिवस पाय धरले होते. त्या हिशेबाने या चालण्याचा अंदाज करावा. एवढे करून ते समितीसमोर उभे राहिले, तर समितीला त्यांचे वय पटेना. मुलगा लहान दिसतो, सतराचा वाटत नाही, एवढ्यावर त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. उत्तरे चुकली असती तर गोष्ट वेगळी. इथे प्रश्नच विचारला गेला नाही.

ही हकीगत मी ताईला वाचून दाखवली. ती म्हणाली, पुढे काय झाले ते सांग.

पुढच्या वर्षी कर्वे कोल्हापूरला गेले आणि तीच परीक्षा उत्तीर्ण होऊन आले. आता खरे म्हणजे मास्तरकी धरायची. पण हातात आलेली किल्ली त्यांनी लावलीच नाही. इंग्रजी शिकायचे म्हणून ते रत्नागिरीला आणि मग मुंबईला गेले. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस होते; लग्न तर पंधराव्या वर्षीच झालेले. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. पदवीनंतरही एक पक्की जागा मिळाली असे नाही. मुंबईत मुलींच्या इंग्रजी शाळांतून गणिताचे तास, पहाटेपासून खासगी शिकवण्या, या दारातून त्या दारात चालत जाणे. आजच्या भाषेत ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक होते. आमच्या कॉलेजातल्या काही प्राध्यापकांना हे वाक्य वाचून हसू येईल, की आणखी काही वाटेल, हे मी सांगू शकत नाही.

कायमची जागा मिळाली १८९१ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते आणि फर्ग्युसन कॉलेजला गणिताचा माणूस हवा होता. गोपाळ कृष्ण गोखले हे एल्फिन्स्टनमधले कर्व्यांचे सहाध्यायी. त्यांनी बोलावणे पाठवले. इथे मी जरा अडखळलो. शेवटी ओळखच कामी आली की! आमच्या आळीतल्या मुलांना कुठले गोखले पत्र पाठवणार? ताईचे मत वेगळे पडले. गोखल्यांनी त्यांना गणित करताना पाहिले होते, ती ओळख आणि वशिला एक नव्हे, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर असेल. पण कुणीतरी आपल्याला काम करताना पाहावे, एवढी संधी तरी आधी मिळावी लागते, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.

आणि गंमत पाहा, बोलावणे आले तेव्हा शंका कर्व्यांनाच आली. कॉलेजातल्या मुलांपुढे आपण उभे राहू शकू का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. मग जागा पत्करली. सोसायटीच्या आजीव सभासदाला महिना पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षांची बांधिलकी. फर्ग्युसनची आजची इमारत तेव्हा नव्हती. १८८५ साली कॉलेज सुरू झाले ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात, आमच्या आळीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर. नव्या जागेत ते १८९५ साली गेले. १९१४ पर्यंत कर्वे तिथे शिकवत राहिले.

१८९३ चा त्यांचा विधवेशी पुनर्विवाह, त्यापायी मुरूडने टाकलेला बहिष्कार, १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ, हे सारे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचलेले आहे. मी एवढेच सांगतो की आश्रम हिंगण्याला गेल्यावर हेच गणिताचे प्राध्यापक कॉलेज आटोपून पायी हिंगण्याला जात आणि सकाळी पायीच परत येत. चालणे त्यांना नवे नव्हतेच.

ताईची अभियोग्यता चाचणी आता व्हायची आहे. सरकारी भरती पवित्र पोर्टलवरून होते. तिथे चेहरा दिसत नाही, गुण दिसतात, म्हणून तिचा सारा भर त्यावर आहे. तोवर आळीतल्या सात मुलांना ती संध्याकाळी आमच्याच ओट्यावर गणित शिकवते. काकांनी त्या तासापुरती ठोकाठोक थांबवण्याचे कबूल केले आहे. पहिल्या दिवशी सवयीने त्यांचा हातोडा पडलाच. ताईने खडू हातात धरून नुसते त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला.